गरजेपलीकडचा टाका
चंद्रपूर-गडचिरोलीतील गोधडी : एक शोध

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील कापडाचा इतिहास लिहायचा म्हटले, तर साधने अगदीच थोडी नाहीत. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा १८६९चा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल आहे. १९०९चे चांदा गॅझेटिअर आहे. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ साली निघाले, तेही हाताशी आहेत. विणकर कोण, कोसा कोण पिकवतो, जाडेभरडे कापड कोणाच्या मागावर निघते, बाजार कुठे भरतो, अशी माहिती अशा दप्तरांतून मिळते. पण कापड जुने होऊन फाटले की दप्तराचा त्याच्याशी संबंध संपतो. सरकारी नोंदीचा रोख कर बसेल किंवा बाजारात भाव येईल अशा वस्तूंवर. गोधडी कोणी विकली नाही, विकत घेतली नाही, तिच्यावर कर बसला नाही. लग्नाच्या देण्याघेण्याच्या याद्यांतही भांडी आणि लुगडी मोजली जात, घरच्या चिंध्यांची गोधडी कोण मोजणार?

आणि तरी या मुलखातल्या शेतकरी घरांत ती पिढ्यान् पिढ्या शिवली गेली. थंडी होती, पांघरायला काही हवे होते, नवे घ्यायला पैसा नव्हता, म्हणून शिवली गेली, हे उत्तर खरे आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. शिवणाऱ्या बाईचा त्यात काही स्वतःचा आनंद होता का? आणि असेल, तर त्याचा पुरावा कुठे शोधायचा? कागदावर तो मिळणार नाही, हे उघड आहे. म्हणून या लेखात मी मुख्य साधन म्हणून गोधडीच वाचली आहे.

पाच भाषांच्या वाटेवरचा शब्द

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली आणि वाढवून १८५७ साली निघाला. त्यात गोधडी आहे, वाकळही आहे. गुजरातीत ती गोदडी, हिंदीत गुदडी. वऱ्हाडी उच्चारात वाकळची वाकय होते. आपल्या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर चित्र आणखी रंगीत आहे. दक्षिणेला सिरोंच्याकडे तेलुगू बोलणाऱ्या घरांत गोधडीला ‘बोंता’ म्हणतात. पूर्वेला छत्तीसगडची हद्द लागली की तीच ‘कथरी’ होते. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतील बंगाली वस्त्यांत ती ‘कांथा’. कथरी आणि कांथा यांच्या मुळाशी संस्कृत ‘कन्था’ आहे, आणि मराठीतही कंथा हा शब्द जोगी-गोसाव्यांच्या ठिगळांच्या वस्त्रासाठी चालत आला आहे.

या शेवटच्या अर्थाने गोधडीला एक वेगळीच प्रतिष्ठा दिली. विदर्भातच जन्मलेल्या गाडगेबाबांना (१८७६-१९५६) लोक गोधडेमहाराज आणि चिंधेबुवा म्हणून ओळखत. ज्या वस्त्राची गरिबाला लाज वाटे, ते त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले. पण बाबांच्या अंगावरच्या चिंध्यांबद्दल आपण जेवढे बोललो, तेवढे घराघरांत चिंध्या जोडत बसलेल्या बायांबद्दल बोललो नाही. विरक्ताची गोधडी चरित्रात गेली. संसारातली गोधडी वळकटीत राहिली.

कापड किती दुर्मीळ होते

गोधडीतला आनंद समजून घ्यायचा तर आधी टंचाई समजून घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथल्या सामान्य माणसाच्या अंगावरचे कापड बहुधा आसपासच्याच मागावरचे असे. जाडेभरडे सुती कापड आणि पासोड्या प्रामुख्याने महार समाजातील विणकर विणत, बारीक आणि काठाची लुगडी कोष्टी विणत. आरमोरीकडे कोशाचे कापड निघे. जंगलातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवण्याचे काम ढीवर करत आणि आजही काही घरे ते करतात.

१८७०च्या दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीचे सूत आणि गिरणीचे कापड खेड्यांत पोचू लागले, आणि जाडेभरडे विणणाऱ्यांचा धंदा बसत गेला. कापड पूर्वीपेक्षा स्वस्त झाले, तरी वर्षाला दोन लुगड्यांच्या वर घरात येणे ही सुखवस्तू गोष्ट होती. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच जिल्ह्यातल्या सावलीला भरले आणि खुद्द गांधीजी तिथे आले. सावली हे खादीचे केंद्र होते. सूत कातणाऱ्या बाईला त्यातून किती मजुरी मिळावी, हा त्या काळातल्या खादीच्या चर्चेतला मोठा प्रश्न होता. कापड तेव्हा असे मोजून-मापून वापरायची वस्तू होती. पुढे युद्धकाळात, १९४३मध्ये, कापडावर नियंत्रण आले. ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्द जुन्या माणसांच्या बोलण्यात त्यानंतर कितीतरी वर्षे राहिला.

अशा दिवसांत लुगडे एकदम गोधडीत जात नसे. त्याला मधे बरेच जन्म होते. नऊवारी लुगडे बसण्याच्या जागी आधी विरते. तेवढा भाग कापून काढायचा आणि दोन्हीकडचे धड तुकडे एकमेकांना जोडायचे, याला दांड घालणे म्हणत. दांडाचे लुगडे विरले की त्यातून परकर, पोलकी, धाकट्यांचे कपडे. मग तान्ह्याची दुपटी. मग फडकी. या सगळ्यांतून जे उरे, ते बोचक्यात बांधून ठेवले जाई, आणि दोन-चार वर्षांच्या बोचक्यांतून एक गोधडी होई.

घनदाट जंगलातली गोष्ट वेगळी होती. भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया वस्त्यांत कापडच इतके कमी होते की गोधडी भरायला चिंध्या कुठून येणार? तिथे हिवाळ्याची रात्र शेकोटीच्या उबेवर काढत. म्हणून गोधडीचा नकाशा काढला तर तो धानाच्या शेतीचा नकाशा निघतो : ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, वडसा. जिथे वर्षाला थोडे तरी नवे कापड येत होते, तिथेच जुने साठत होते.

ऊब ही इथे चैनीची गोष्ट नव्हती, हे विसरून चालणार नाही. गडचिरोलीत १९८६पासून काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा ३९ गावांत नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे जगाला कळले. जंतुसंसर्गावरील औषधोपचारांबरोबरच बाळाला नीट गुंडाळून उबदार ठेवणे हा त्या काळजीचा भाग होता. आजीच्या विरलेल्या लुगड्याचे मऊ दुपटे हे आपल्याकडे बाळाचे पहिले वस्त्र, यामागे बायांना अनुभवातून आलेले शहाणपण आहे.

शिवण्याची रीत

धान घरात आले की हातांना थोडी उसंत मिळे, पण गोधडीचा खरा मोसम उन्हाळा. मोहफुले वेचणे पहाटे सुरू होऊन उन्हे चढली की संपते. तेंदूपत्त्याचे कामही सकाळचे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारी बाहेर पडणे शक्यच नसते. मातीच्या घराच्या सारवलेल्या ओसरीवर तेवढा गारवा असे, आणि ती तीन-चार तासांची दुपार बाईची स्वतःची असे.

आधी सगळे कापड धुऊन कडक उन्हात वाळवायचे. त्यातली दोन धड पातळे वेगळी काढायची, एक खालच्या अंगाला, एक वरच्या. जमिनीवर खालचे पातळ ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवायचा. त्यावर फाटक्या कापडांचे थर. जाड शिवणी, काजे, बटणपट्ट्या आधी कापून टाकायच्या, नाहीतर झोपल्यावर टोचतात. एका थरातले भोक दुसऱ्या थरातल्या धड तुकड्याखाली आले पाहिजे. हे जमवणे सोपे नाही. चार, पाच, कधी सात थर होतात. मग वरचे पातळ टाकून, हाताने सुरकुत्या काढून, लांब लांब कच्चा दोरा घालायचा. त्यानंतर खरे काम, धावदोऱ्याचे. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन करत आत मधापर्यंत जायचे, किंवा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओळी टाकायच्या. शिवणारी गोधडीवरच बसते, आणि काम पुढे सरकते तशी तीही सरकते.

मोठी गोधडी असली की शेजारणी येऊन चार कडांना बसत. गडचिरोलीकडे जिवाभावाच्या मैत्रिणीला गोईण म्हणतात. डॉ. राणी बंग यांनी या भागातल्या स्त्रिया आणि झाडे यांच्या नात्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘गोईण’ असल्याने हा शब्द आता बाहेरही पोचला आहे. सुया चालत, गप्पा चालत. पुरुषमंडळींना त्या गप्पांत जागा नसे. हात कामात असल्याने ‘नुसत्या बसल्या आहेत’ असे कोणी म्हणू शकत नसे. रिकामे बसण्याची मुभा नसलेल्या बाईला गोधडीने बसण्याचा हक्क मिळवून दिला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

जास्तीचे टाके

आता मूळ प्रश्न. केवळ पांघरूण हवे असेल, तर किती शिवावे लागते? हिशेब करून पाहू. साधारण १८० सेंटिमीटर लांब आणि १२० सेंटिमीटर रुंद अशी गोधडी धरा. ओळी चार बोटांच्या, म्हणजे सुमारे ८ सेंटिमीटरच्या अंतरावर घातल्या, तर १५ ओळी होतात आणि एकूण शिवण २७ मीटर. थर जागेवर राहायला एवढे पुरते. हेच अंतर एका बोटावर, २ सेंटिमीटरवर आणले, तर ६० ओळी आणि १०८ मीटर शिवण. सेंटिमीटरला एक टाका धरला तर पहिल्या गोधडीत २,७०० टाके आहेत, दुसरीत १०,८००. मी गेली अनेक वर्षे या भागात जुन्या गोधड्या पाहत आले आहे. त्यांत दुसऱ्या प्रकारच्या कितीतरी आहेत.

यावर कोणी म्हणेल, दाट शिवण जास्त टिकते. बरोबर आहे. म्हणून दाट टाके हा आनंदाचा पुरेसा पुरावा मी मानत नाही. पण काही गोष्टी टिकाऊपणाने समजावता येत नाहीत. लुगड्याचा काठ कापून तो गोधडीच्या चारही कडांना चौकटीसारखा लावलेला असतो, आणि एका बाजूला काठ कमी पडला तर समोरच्या बाजूलाही मुद्दाम तेवढाच कमी ठेवलेला असतो. लाल तुकडा एकच मिळाला तर तो नेमका मधोमध येतो. चौकोनात चौकोन घालत आलेली शिवण मधल्या हातभर जागेत एकदम फूल किंवा स्वस्तिक होते. दोऱ्याचा रंग मध्येच बदलतो, आणि तो दोरा संपला म्हणून बदललेला नसतो, कारण दुसऱ्या अंगाला तोच रंग त्याच ओळीवर पुन्हा येतो. यातल्या कशानेही गोधडी अधिक उबदार होत नाही. कोणीतरी थांबले, लांबून पाहिले, ठरवले आणि मग टाका घातला, एवढे मात्र त्यातून नक्की कळते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बाया गोधडीच्या कोपऱ्यांना त्रिकोणी रंगीत तुकडे लावतात आणि त्यांना फुले म्हणतात. आपल्याकडे त्याला असे ठरलेले नाव नाही, पण वृत्ती तीच आहे. त्या काळी बाईच्या आयुष्यात ठरवण्यासारख्या गोष्टी किती होत्या? शेतात काय पेरायचे, मुलगी कुठे द्यायची, लुगडे कोणत्या रंगाचे आणायचे, हेही बहुतेक वेळा दुसरेच ठरवत. कोणता तुकडा कुठे बसवायचा, हे मात्र तिला विचारूनही कोणी सांगू शकत नसे. माझ्या मते गोधडीतला आनंद प्रथम या ठरवण्याचा आहे. रंगांचा, सोबतीचा, काम तडीस गेल्याचा आनंद त्याच्या मागून येतो. मी स्वतः शिवते, तेव्हा सर्वांत जास्त वेळ सुईत जात नाही. तुकडे मांडण्यात आणि पुन्हा उचलण्यात जातो.

शिवाय प्रत्येक तुकडा कोणाचा तरी असतो. आईचे लुगडे डोक्याकडच्या अंगाला, वडिलांचे धोतर आतल्या थरात, नणंदेच्या लग्नातले पातळ वरच्या बाजूला. शिवणारीला हे पाठ असते. पांघरणाऱ्याला सांगितले तरच कळते.

मुलचेऱ्याच्या कांथा

हा आनंद एका जातीचा किंवा भाषेचा नाही, हे तपासायला आपल्याच जिल्ह्यात एक जागा आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना १९६०च्या दशकापासून तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवण्यात आले. आज मुलचेरा, चामोर्शी या तालुक्यांत त्यांची गावे आहेत. नद्यांच्या सपाट मुलखातली ही माणसे सागाच्या जंगलात आली. घरदार मागे राहिले, पण कांथा शिवण्याची रीत हातात होती, आणि तिला सुई-दोरा आणि जुन्या साड्या यांपलीकडे काही लागत नाही.

बंगालात कांथेला साहित्यातही मान मिळालेला आहे. कवी जसीमुद्दीन यांचे ‘नक्शी कांथार माठ’ हे कथाकाव्य १९२९ साली प्रसिद्ध झाले. त्यातली नायिका आपली कहाणी कांथेवर भरते. जुन्या कांथांत दोराही विकतचा नसे, साडीच्या काठातून उसवून काढलेला असे. कांथेत टाक्यांनी चित्र काढतात, आपल्या गोधडीत तुकड्यांची मांडणी करतात, एवढा फरक सोडला तर काम एकच आहे : विरलेले कापड, थर, धावदोरा. निर्वासित बाईला नव्या जागी भांडी सरकारने दिली असतील, जमीन सरकारने दिली असेल. पहिली कांथा मात्र तिने स्वतः शिवली, आणि ते घर तिचे झाले.

गरज संपल्यानंतर

१९८२ हे साल आपल्याकडे दोन कारणांनी लक्षात ठेवावे. २६ ऑगस्टला चांद्यातून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. आणि त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणीच्या सुती पातळांचे दिवस त्याआधीच ओसरत होते, संपानंतर ते झपाट्याने गेले. नायलॉन, टेरिकॉट आणि पुढे यंत्रमागाच्या पॉलिएस्टर साड्या आल्या. हे कापड विरत नाही, घाम शोषत नाही, सुईला जड जाते आणि थरांत घसरते. गोधडीचे पोट बदलले. आज एखादी गोधडी उसवली तर थरांवरून काळ ओळखता येतो : हातमागाचे जाड सूत, कंट्रोलचे कापड, गिरणीचे छापील पातळ, टेरिकॉटची पँट, शेवटी टी-शर्ट. आपल्या घरातले हे दप्तर कुठल्याही गॅझेटिअरपेक्षा खरे आहे.

मग आठवडी बाजारात स्वस्त, जाड, वाघा-फुलांच्या चित्रांची ब्लँकेटे आली आणि गोधडीची गरज जवळजवळ संपली. माझ्या प्रश्नाची खरी परीक्षा इथे होते. गोधडी फक्त गरजेची असती, तर या टप्प्यावर ती थांबली असती. ती कमी झाली, पण थांबली नाही. ब्लँकेट असलेल्या घरांतही नातवंड होणार म्हटले की दुपटी शिवली जातात. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर चालणाऱ्या नाटकांना लोक घरून अंथरूण-पांघरूण घेऊन येतात, त्यांत गोधड्या अजून दिसतात. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून येणाऱ्या भाविकांच्या वळकट्या सुटल्या की चंद्रपुरात वाकळींचे प्रदर्शनच मांडले जाते, आणि इथल्या बाया ती शिवण थांबून पाहतात.

आता बचत गटांमुळे गोधडी विक्रीलाही निघाली आहे. बाईच्या हाती पैसा येतो, हे चांगलेच आहे. पण इथे अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचा एक अनुभव आठवावा. तिथल्या जीज बेंड आणि परिसरातल्या कृष्णवर्णीय बायांनी १९६६ साली गोधड्या विकण्यासाठी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या, मिळकत झाली, पण मागणी एकसारख्या मालाची होती. पुढे २००२ साली ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर टांगल्या गेल्या आणि कला म्हणून नावाजल्या गेल्या, त्या या मागणीबरहुकूम केलेल्या नव्हत्या. जुन्या कामाच्या कपड्यांतून, घरासाठी, आपल्या मर्जीने शिवलेल्या होत्या. विक्रीची गोधडी जरूर शिवावी. तुकड्यांची मांडणी मात्र शिवणारीच्या हातून काढून घेऊ नये. रंगांचा तक्ता शहरातून आला की मजुरी उरते आणि बाकीचे जाते.

जतन कशाचे करायचे

शंभर वर्षांपूर्वीची गोधडी आपल्याकडे सहसा सापडत नाही. एक कारण म्हणजे ती झिजेपर्यंत वापरली जाते. जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते, शेवटी बैलाच्या पाठीवर किंवा पायपुसण्यात संपते. दुसरे कारण आपल्या रिवाजात आहे. माणूस गेला की त्याचे अंथरूण-पांघरूण टाकून देतात किंवा देऊन टाकतात. म्हणजे जी गोधडी कोणी सर्वांत जास्त पांघरली, तीच सर्वांत आधी नाहीशी होते. या रिवाजाशी भांडण्याचे कारण नाही. पण मग तिची माहिती तरी राहावी.

त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. या दिवाळीत घर आवरताना माळ्यावरची वळकटी खाली येईलच. गोधडी उन्हात टाका, दोन्ही अंगांनी तिचा फोटो काढा. कोणी शिवली, साधारण कोणत्या साली, कोणता तुकडा कोणाच्या कोणत्या कपड्याचा, दोरा कुठून आणला, सोबत कोण बसत होते, हे घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला विचारून वहीत लिहा. प्रश्न विचारताना ‘का शिवली’ असे विचारू नका, उत्तर ‘थंडीसाठी’ एवढेच येते. ‘हा तुकडा इथेच का लावला?’ असे विचारा. त्याचे उत्तर द्यायला बहुतेक बाया पदर सावरून बसतात, गोधडी मांडीवर ओढून घेतात, आणि मग दुपार पुरत नाही.